सतरा वर्षांनी भरलेला दरबार

पेशवाईतल्या पुण्यावरची चार पुस्तकं चाळली, तर त्यातल्या एकात तरी हे चित्र भेटतंच. लांबरुंद दिवाणखाना, दोन्ही बाजूंना नक्षीदार खांब, जमिनीवर बिछायत आणि तिच्यावर दाटीवाटीने बसलेली पागोटी. मध्ये एक कोवळा तरुण गादीवर बसला आहे. त्याच्याजवळ एक गोरा माणूस, आणि दोघांच्या मध्ये एक कागद. पुस्तकात हे चित्र बहुतेक वेळा अर्ध्या पानावर छापलेलं असतं. चेहरे मोहरीएवढे होतात, खाली एका ओळीचा मथळा असतो आणि वाचक पान उलटतो.

त्या पानावर थोडं थांबायला हवं. मूळ छापचित्राच्या खाली लांबलचक इंग्रजी मजकूर आहे. सर चार्ल्स वॉर मॅलेट, बॅरोनेट यांनी सवाई माधवराव नारायण पेशव्यांना पुण्यात भरदरबारात मंजूर झालेला १७९०चा तहनामा सादर केला तो प्रसंग, असा त्याचा मतलब आहे. दिवसही दिला आहे, ६ ऑगस्ट १७९०. इतका नेमका दिवस वाचला की कोणीतरी त्या वेळी कोपऱ्यात बसून हे सगळं टिपलं असावं, असं वाटतं.

तसं कोणी बसलेलं नव्हतं. ज्या चित्रकाराने माणसं रेखाटली तो दरबाराच्या दिवशी हिंदुस्थानात पोचलाही नव्हता. ज्याने मोठं तैलचित्र रंगवलं त्याने पेशव्यांचा दरबार पाहिला नव्हता. ज्याने ते तांब्याच्या पत्र्यावर उतरवलं त्याचं काम लंडनमधलं. तैलचित्र १८०५चं आणि छापचित्र १८०७चं. प्रसंग आणि छाप यांच्यात सतरा वर्षं गेली. त्या सतरा वर्षांत काय काय घडलं ते माहीत असेल, तर चित्र पुष्कळ बोलतं. म्हणून आधी तो कागद, मग चित्र.

कागद होता टिपू सुलतानाविरुद्धच्या युतीचा. १७८९च्या अखेरीस टिपूने त्रावणकोरवर चाल केली आणि गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसला युद्ध अटळ दिसू लागलं. पण म्हैसूरशी एकट्याने लढायची कंपनीची तयारी नव्हती. उत्तरेकडून मराठे आणि निजाम उतरले तरच टिपूची कोंडी होणार होती. हा तोच पुणे दरबार होता, ज्याच्या फौजांनी जानेवारी १७७९मध्ये वडगावला मुंबईकर इंग्रजांना शरण आणलं होतं आणि ज्याच्याशी १७८२मध्ये महादजी शिंद्यांना मध्यस्थ घालून सालबाईचा तह करावा लागला होता. आता त्याच दरबाराच्या दारात कंपनी मदत मागायला उभी होती. नाना फडणीसांना त्याची पुरती जाणीव होती. टिपूने गिळलेला कृष्णा-तुंगभद्रेकडचा मुलूख त्यांना परत हवा होता, आणि इंग्रजांना फार मोठं होऊ द्यायचंही नव्हतं.

ही बोलणी करणारा माणूस म्हणजे चार्ल्स मॅलेट. आधी खंबायतला कंपनीचं काम पाहिलेला, फारसी जाणणारा. १७८५मध्ये तो सुरतेहून थेट उत्तरेत महादजींच्या छावणीत गेला, कारण पुण्यात इंग्रजांचा स्वतंत्र वकील बसावा हे महादजींना पसंत नव्हतं. इंग्रजांशी बोलायचं ते आपल्यामार्फत, हा त्यांचा आग्रह होता. ती गाठ सुटल्यावर मार्च १७८६मध्ये मॅलेट पुण्यात आला. मुळा-मुठेच्या संगमावर त्याचा तळ पडला आणि त्या जागेला पुणेकर संगमच म्हणू लागले. इंग्रज त्याला रेसिडेंट म्हणत. मराठी कागदांत तो वकील मालेट. या दोन शब्दांतलं अंतर मोठं आहे. वकील दरबारात येतो, आपल्या धन्याचं म्हणणं मांडतो, उत्तर घेतो आणि जातो. रेसिडेंट तिथे राहतो. पाहतो, लिहितो, आणि पुढेपुढे दरबाराच्या कारभारात हातही घालतो. १७९०मध्ये मॅलेट अजून बराचसा वकीलच होता.

तहाच्या कलमांवर १ जून १७९० रोजी पुण्यात सह्या झाल्या. पण मॅलेटच्या सहीने तह पुरा होत नव्हता. कलकत्त्याला गव्हर्नर जनरल आणि त्याच्या कौन्सिलची मंजुरी लागायची. कागद कलकत्त्याला गेला, ५ जुलैला मंजूर झाला, परत आला, आणि ६ ऑगस्टला पेशव्यांच्या हाती पडला. जून, जुलै, ऑगस्ट. नद्या दुथडी वाहतात आणि वाटांचा चिखल होतो त्या दिवसांत, दोन महिन्यांहून थोड्या जास्त काळात या मजकुराने अर्धा हिंदुस्थान दोनदा तुडवला. चित्रात तो कागद कोरडा आणि देखणा दिसतो. भिजत धावणारे जासूद चित्रात नाहीत. मला मात्र तो कागद पाहिला की आधी तेच आठवतात.

दरम्यान ४ जुलैला निजामाचाही तह झाला होता. जिंकलेल्या मुलखाची तिघांत सारखी वाटणी, मराठ्यांच्या फौजेबरोबर कंपनीच्या पलटणी, असा मुख्य ठराव. त्याप्रमाणे कॅप्टन लिटलची तुकडी परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सैन्याला मिळाली. धारवाडचा वेढा महिनोन्महिने रेंगाळला आणि एप्रिल १७९१मध्ये किल्ला हाती आला. मार्च १७९२मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूने अर्धं राज्य आणि तीन कोटी तीस लाख रुपये कबूल केले, दोन मुलगे ओलीस दिले आणि युद्ध संपलं. ज्या तहामुळे हे घडलं, तो हातात पडण्याचा हा क्षण. चित्रासाठी विषय म्हणून तो निवडण्यामागे मॅलेटचा हिशेब होता, तो पुढे येईलच.

आता दरबारात शिरू.

जागा शनिवारवाड्यातला गणपती रंगमहाल. वाड्याचा पाया १७३०मध्ये पहिल्या बाजीरावांनी घातला. रंगमहाल मागाहून, नानासाहेबांच्या काळात झाला. सुरूच्या झाडासारखे निमुळते लाकडी खांब आणि त्यांना जोडणाऱ्या महिरपी ही त्या काळच्या मराठी वाड्याची ओळख. आजही एखाद्या जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात असा खांब दिसतो. तळाशी कमळासारखा फुगीर, वर जाताना बारीक होत गेलेला. हात फिरवला की सुताराने किती मायेने तो घडवलाय ते कळतं. रंगमहालात अशा खांबांच्या ओळीच होत्या. चित्रकाराने त्यांचा फार चांगला उपयोग करून घेतला. खांब दोन्ही बाजूंनी आत आत जातात आणि नजर आपोआप मधल्या गादीवर आणून ठेवतात.

या चित्रात आपल्याला सहज वाटावी आणि तेव्हाच्या इंग्रज माणसाच्या डोळ्यांत भरावी अशी गोष्ट म्हणजे सगळे खाली बसले आहेत. खुर्ची नाही. मॅलेट आणि त्याच्याबरोबरची साहेब मंडळीही बिछायतीवरच. दरबाराचा रिवाज तसा होता. जोडे बाहेर काढायचे, नुसत्या मोज्यांनी आत यायचं, ठरलेल्या जागी बसायचं, आणि बसताना पायाचे तळवे कोणाकडे रोखायचे नाहीत. घट्ट विजारी घालणाऱ्या, जन्मभर खुर्चीवर बसलेल्या माणसाला मांडी घालून तासभर बसणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या लग्नात पाटावर बसलेल्या कोणत्याही परदेशी पाहुण्याकडे पाहिलं की कळतं. गुडघे वर येतात, पाठ वाकते आणि हात कुठे ठेवावे ते सुचत नाही.

हा केवळ सोयी-गैरसोयीचा प्रश्न नव्हता. कोणाला गादीपासून किती अंतरावर जागा मिळाली, कोणाला सामोरं जायला कोण आलं आणि किती पावलं आलं, पोशाखात कोणती वस्त्रं दिली, शिरपेच दिला की नाही, अत्तर-गुलाब-पान कोणाच्या हातून मिळालं, हे सगळं दरबारात मोजलं जायचं आणि दोन्ही बाजूंचे लिहिणारे ते टिपून ठेवायचे. आपण आज याला मानपान म्हणून हसतो. पण तेव्हा राज्याचं वजन याच मापांनी कळायचं. चोपदाराची ललकारी, चवऱ्या-मोर्चेलं, निरोपाचा विडा हीसुद्धा एक भाषाच होती, आणि ती ज्याला येत नव्हती त्याला त्या दरबारातलं अर्धं बोलणं कळलंच नसतं. मॅलेटला ती येत होती. त्याच्या पुण्यातल्या यशाचं मोठं कारण हेच, असं मला वाटतं.

म्हणून चित्रातला मॅलेट जमिनीवर बसलेला आहे, हे बारकाईने पाहायला हवं. याच युद्धावरची दुसरी चित्रं लंडनमध्ये फार लोकप्रिय झाली होती. टिपूची दोन मुलं ओलीस म्हणून कॉर्नवॉलिसच्या स्वाधीन होताहेत, हा प्रसंग रॉबर्ट होम, मॅदर ब्राउन यांसारख्या कितीतरी चित्रकारांनी रंगवला आणि त्याच्या छापांचा बाजार तेजीत चालला. तिथे कॉर्नवॉलिस उभा आहे, धिप्पाड, हात पुढे केलेला, आणि समोर लहान मुलं. जेता कोण हे सांगावं लागत नाही. पुण्याच्या दरबारात असं काही नाही. इथे गोरा माणूस दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या रिवाजाने, दुसऱ्याच्या गादीशेजारी बसून कागद देतो आहे. कंपनीच्या काळातल्या भेटींची जी चित्रं मी पाहिली, त्यांत हिंदुस्थानी दरबाराला इतकं भारदस्त स्थान देणारं चित्र क्वचितच असेल.

गादीवरचा तरुण म्हणजे सवाई माधवराव. १८ एप्रिल १७७४चा जन्म, पुरंदरवरचा. चाळीस दिवसांचा असताना त्याला पेशवाईची वस्त्रं मिळाली. १७९०च्या ऑगस्टमध्ये तो सोळा वर्षांचा होता. राज्याचा सारा भार नाना वाहत होते आणि इंग्रजांशी बोलणं बहुतेक बहिरोपंत मेहेंदळे यांच्या मध्यस्थीने चालायचं. तहाची खरी घासाघीस बंद खोल्यांत झाली होती. दरबारात फक्त देणं-घेणं उरलं होतं.

पण चित्रातला तरुण सोळा वर्षांचा नाही, असू शकत नाही. कारण त्याचा चेहरा ज्याच्या चित्रांतून आला, तो जेम्स वेल्स पुण्यात आला १७९२मध्ये.

वेल्स स्कॉटलंडचा. पीटरहेडकडचा. चव्वेचाळीस वर्षांचा असताना, १७९१च्या जुलैत तो मुंबईला उतरला. कलकत्ता आणि लखनौमध्ये इंग्रज चित्रकारांची गर्दी झालेली होती. पश्चिम किनाऱ्यावर मैदान मोकळं होतं. मॅलेटने त्याला पुण्यात आणलं आणि दरबारात त्याचं बस्तान बसलं. त्याने पेशव्यांचं चित्र काढलं, नानांचं काढलं, आणि १७९२च्या जूनमध्ये महादजी शिंदे पुण्यात आले तेव्हा त्यांचंही काढलं. पेशवे आणि नाना यांचं एकत्र तैलचित्र आता लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. नाना फडणीस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येणारा तो उंच, कृश, ओठ मिटलेला चेहरा मुख्यतः वेल्सच्या कुंचल्याने दिलेला आहे. शाळेच्या पुस्तकांपासून दिनदर्शिकांपर्यंत तो फिरला, पण वेल्सचं नाव त्याच्याबरोबर फिरलं नाही.

तहाच्या दरबाराचं भव्य चित्र काढायचं काम मॅलेटने वेल्सला सांगितलं होतं. वेल्स त्यासाठी वर्षानुवर्षं सामग्री जमवत राहिला. एकेका माणसाला समोर बसवून चेहरे टिपायचे, पोशाख, शस्त्रं, पागोट्यांचे बांध आणि वास्तूचे तपशील वेगळे काढून ठेवायचे. म्हणजे हा दरबार एका दिवशी भरला, पण चित्रासाठी तो माणूस-माणूस करून पुन्हा गोळा केला गेला. वेल्ससमोर बसलेला पेशवा अठरा वर्षांचा किंवा त्याहून मोठा होता. चित्रातल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या अंगावर ते थोरलेपण चढलं आहे. तहाच्या दिवशी तिथे खरोखर बसलेला मुलगा याहून कोवळा असणार.

इथे एका पुणेकराची ओळख करून द्यायलाच हवी. गंगाराम चिंतामण तांबट नवगिरे. वेल्स येण्याआधीपासून तो मॅलेटसाठी चित्रं काढत होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं १७९०च्या नोव्हेंबरातलं त्याचं चित्र प्रसिद्ध आहे, म्हणजे तहाच्या दरबारानंतर तीन महिन्यांनी काढलेलं. वेल्सच्या देखरेखीखाली शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली, त्यात गंगाराम सर्वांत पुढे गेला. कार्ले, वेरूळ इथली त्याची रेखाटनं मॅलेटबरोबर इंग्लंडला गेली आणि आज त्यांचा मोठा भाग अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहे. कार्ल्याचं लेणं त्याने इतकं नेटकं काढलं आहे की खांबावरच्या हत्तींच्या जोड्या मोजता येतात. आडनाव तांबट. पुण्यात तांबट आळी आहे आणि तिथे अजून हातोड्याचे ठोके ऐकू येतात. भांडी ठोकणाऱ्या जातकुळीतला हा माणूस कागदाकडे वळला, हे मला फार मोलाचं वाटतं. वेल्सच्या हाताखालच्या शिकाऊ मंडळींनी दरबाराच्या चित्रासाठी किती रेषा ओढल्या त्याचा हिशेब छापचित्राच्या मथळ्यात नाही. पण पुण्यात तेव्हा ज्या खोलीत हे काम चाललं होतं, तिथे एक मराठी चित्रकार बसलेला होता, हे हा छाप पाहताना मनात असू द्यावं.

आणि मग १७९५ उजाडलं. ऑक्टोबरच्या अखेरीस सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून खाली कोसळले आणि दोन दिवसांनी, २७ तारखेला गेले. एकवीस वर्षांचं वय. नोव्हेंबरात, साष्टीतल्या लेण्यांची चित्रं काढत असताना वेल्सही गेला. चित्राचा नायक आणि चित्रकार महिन्याभराच्या अंतराने नाहीसे झाले आणि मोठं चित्र कॅनव्हासवर उतरायचं राहून गेलं.

मॅलेट १७९८मध्ये इंग्लंडला परतला आणि पुढच्याच वर्षी त्याने सुझॅनाशी, वेल्सच्या मुलीशी लग्न केलं. सासऱ्याची रेखाटनं आणि जावयाची हौस एका घरात आली. ती सगळी सामग्री मॅलेटने थॉमस डॅनियलच्या हवाली केली.

डॅनियल हे नाव तेव्हा लंडनमध्ये हिंदुस्थानच्या चित्रांसाठी सर्वांत मोठं. थॉमस आणि त्याचा पुतण्या विल्यम यांनी १७८६पासून सात-आठ वर्षं हा देश उभा-आडवा पालथा घातला होता आणि त्या भटकंतीतून निघालेल्या १४४ छापचित्रांच्या मालिकेने इंग्रजांच्या मनातला हिंदुस्थान घडवला. १७९३मध्ये काकापुतणे मुंबईत आले तेव्हा वेल्सशी त्यांची गाठ पडली होती. त्याच्या वेरूळच्या रेखाटनांचे छापही डॅनियलनेच १८०३मध्ये काढले. म्हणजे मृत मित्राचं अर्धं राहिलेलं काम तडीला नेण्याची त्याला सवय झाली होती. पुण्याचा दरबार मात्र त्याने पाहिलेला नव्हता. त्याच्यापुढे होती वेल्सची टिपणं आणि शेजारी मॅलेटची आठवण. ते तैलचित्र आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

मॅलेटला हे चित्र का हवं होतं? श्रीरंगपट्टणच्या विजयाचं सारं श्रेय कॉर्नवॉलिसला मिळालं. पुतळे, चित्रं, पदकं त्याची. पण पुण्याची युती जमली नसती तर ते युद्ध वेगळं झालं असतं, आणि ती युती जमवण्यासाठी आपण चार वर्षं संगमावर पाऊस खात बसलो होतो, हे मॅलेटला जगासमोर ठेवायचं होतं. छापाच्या मथळ्यातही ही इच्छा उमटली आहे. त्यात त्याला सर आणि बॅरोनेट म्हटलं आहे. ही पदवी त्याला मिळाली १७९१मध्ये, या कामगिरीबद्दलच. तहनामा देताना तो साधा मिस्टर मॅलेट होता. मथळ्याने बक्षीस आधी देऊन टाकलं आणि प्रसंग मागून सांगितला.

तैलचित्र एकाच भिंतीवर राहतं. घरोघर जातो तो छाप. त्यासाठी चार्ल्स टर्नर निवडला गेला. त्याने त्याच सुमारास प्रख्यात निसर्गचित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर याच्या चित्रांचेही छाप केले. दोघांचं आडनाव एक, नातं काही नाही. चार्ल्स टर्नरचा हात बसलेला होता तो मेझोटिंट या पद्धतीत, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. अर्धगोल, दातेरी धारेचं अवजार त्यावर डोलवत डोलवत सगळा पत्रा खरबरीत करायचा. आडवा, उभा, तिरका, पुन्हा आडवा. या अवस्थेत शाई लावून छाप काढला तर कागदावर नुसता मखमली काळोख उमटतो. मग चित्रकार तो काळोख खरवडत जातो. जिथे थोडं घासलं तिथे करडं, जिथे अगदी गुळगुळीत केलं तिथे पांढरं. म्हणजे इथे चित्र उजेडातून काळ्या रेषेने निघत नाही, ते अंधारातून एकेक करून बाहेर येतं. आधी एखादं पागोटं, मग गाल, मग जामा. शुभ्र जामे आणि पागोटी घातलेल्या दरबारासाठी याहून नेमकी पद्धत सापडली नसती.

त्यात आणखी एक अवघड गोष्ट. पत्र्यावर चित्र उलटं कोरावं लागतं, आरशात दिसतं तसं. तेव्हा ते कागदावर सुलटं येतं. कोरणारा चुकला तर दरबाराची डावी-उजवी बाजू बदलते. अंगरख्याचे बंद भलत्या बगलेला जातात, तलवार भलत्या कमरेला, आणि देवघेवीला डावा हात पुढे येतो. आपल्याकडे त्या एका चुकीने सारा प्रसंग अमंगळ ठरला असता. शेकडो लहान आकृत्या सतत उलट्या कोरत जाणं म्हणजे केवढं अवधान लागत असेल! शिवाय तांबं मऊ. छापखान्याच्या दाबाखाली पत्र्याचा खरबरीतपणा झिजत जातो, म्हणून पहिले छाप गडद आणि भरीव उतरतात, नंतरचे फिकट. आज हे छापचित्र पाहायला मिळालं, तर आधी खांबांमागच्या अंधाराकडे पाहावं. तो अजून मखमलीसारखा असेल तर छाप आरंभीचा.

पण हा छाप विकायला आला त्या १८०७मध्ये चित्रातल्या माणसांचं काय झालं होतं? पेशवे जाऊन बारा वर्षं झाली होती. नाना १३ मार्च १८०० रोजी गेले आणि त्यांच्याबरोबर दरबारातलं शहाणपणही गेलं, असं तेव्हाच बोललं गेलं. ज्याच्याविरुद्ध तह झाला तो टिपू १७९९मध्ये श्रीरंगपट्टणच्या तटाशी लढताना मारला गेला होता. आणि शनिवारवाड्यातल्या गादीवर बसलेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला आणखी एका तहावर सही केली होती. त्या तहाने कंपनीची फौज पेशव्यांच्या मुलखात कायमची आली आणि परराज्यांशी स्वतः बोलण्याचा हक्क गेला. संगमावरचा वकील आता पुरता रेसिडेंट झाला होता.

लंडनमध्ये ज्याने १८०७मध्ये हा छाप विकत घेऊन भिंतीवर लावला, त्याला हे माहीत होतं. त्याच्यासाठी चित्रातलं वैभव आधीच हातात आलेलं होतं. पण चित्राने मात्र १७९०ची बसण्याची रीत बदलली नाही. मॅलेटला खुर्ची दिली नाही, पेशव्यांना खाली सरकवलं नाही. इथे मला या तिघा-चौघा कारागिरांबद्दल मनापासून आदर वाटतो. त्यांच्या काळाला खुशामत हवी होती. मॅलेटला स्वतःचं नाव हवं होतं. तरीही दरबार जसा होता तसा त्यांनी बसू दिला. माणसांची वयं चुकली, पदवी चुकली, एका दिवसात अनेक दिवस मिसळले. जागा मात्र ज्याची त्याला राहिली.

आणि पुढे झालेल्या एका गोष्टीमुळे या चित्राचं मोल सगळ्यांच्या कल्पनेपलीकडे वाढलं. नोव्हेंबर १८१७मध्ये खडकीच्या लढाईच्या दिवशी मराठ्यांनी संगमावरची रेसिडेन्सी जाळली. मॅलेट ज्या जागी राहिला, वेल्स जिथे उतरला, ती जागा राखेत गेली. त्याच महिन्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. नंतर २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. तट आणि दरवाजे दगडाचे होते म्हणून वाचले. आतलं सगळं सागवान जळालं. सुरूचे खांब, महिरपी, छत, रंगवलेल्या भिंती, सगळं. गणपती रंगमहाल आज आपल्याला दिसतो तो फार थोड्या कागदांवर, आणि त्यांत हे चित्र सर्वांत मोठं. वाड्याचा अभ्यास करणाऱ्याला त्या खांबांच्या ओळीसाठी, एका स्कॉटिश माणसाने टिपलेल्या आणि लंडनमध्ये तांब्यावर खरवडलेल्या या दरबाराकडेच यावं लागतं.

मॅलेटचा पत्रव्यवहार रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादून १९३६मध्ये छापला. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं आयुष्य वेचून प्रसिद्ध केली. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की १७९०चा पावसाळा दोन्ही बाजूंनी कळतो. इंग्रजी पत्रांत घाई आहे, फौज कधी निघणार हा एकच धोशा. मराठी पत्रांत खर्च, बैल, दाणागोटा, आणि इंग्रज शब्द पाळतील की नाही याची काळजी. ती काळजी चित्रातल्या एकाही चेहऱ्यावर नाही. दरबारात बसताना चेहरे तसे ठेवायचे नसतात.

पुण्यात असाल तर या चित्राची एक प्रत घेऊन शनिवारवाड्यात सकाळी लवकर जावं, सहलींच्या बस येण्याआधी. दिल्ली दरवाज्यातून आत गेलं की गवत, कारंज्याचे हौद आणि दगडी जोती, एवढंच समोर येतं. लोक उभ्या उभ्या पाहतात, फोटो काढतात आणि इथे काहीच उरलं नाही म्हणत निघतात. एखाद्या जोत्यावर मांडी घालून बसावं. चपला काढून, थोडा वेळ. खांब ज्यावर टेकायचे ते दगड मग नजरेच्या पातळीवर येतात, एकामागे एक, सरळ ओळीत. चित्र मांडीवर ठेवून ती ओळ पुढे पाहत जावं. पहिला खांब, दुसरा खांब, तिसरा, आणि त्यांच्या टोकाला गादी.